लेकीचा बैल

तुला हे वाचता येणार नाही. जिवंत असतीस तरी आलं नसतं. तांड्यावर अक्षर वाचणारं माणूस तेव्हा एकच होतं, ते म्हणजे माझे अप्पा, आणि त्यांनी वाचून दाखवायला घेतलं असतं तर तू अर्ध्यातूनच उठून चुलीकडे गेली असतीस. तरी लिहायला बसलेय. सुनेला वाटतं म्हातारी रामनाम लिहितेय, म्हणून घरात शांतता आहे. आज चहासुद्धा न मागता आला. पण पहिल्या ओळीलाच अडले. हाक काय मारायची? तुझ्यासाठी माझ्याजवळ एकच शब्द होता, तुझ्याच बोलीतला, तुम्ही लमाण लोक आईला म्हणता तो. थोरल्या आत्यानं तो लहानपणीच माझ्या तोंडातून काढून टाकला. अजून जिभेवर येत नाही, म्हणून आज नुसतं 'तू'.

मी कोण हे तुला सांगायला नको, पण माझं मलाच एकदा नीट सांगून बघू दे. माझे वडील, अप्पा, जंगल खात्यात नाकेदार होते. निजामाचं राज्य होतं. चिंताकीच्या आमच्या घरापासून बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर, वर माळावर, सरकारी कुरण होतं आणि कुरणाच्या कडेला तुमचा तांडा. तुमची जनावरं कुरणात शिरू द्यायची नाहीत आणि शिरली तर हाकून कोंडवाड्यात घालायची, एवढीच अप्पांची नोकरी. माझी जन्मदाती तिथेच, नाक्याच्या झोपडीत, बाळंतपणाच्या तापानं गेली. त्याच आठवड्यात तुझी लेक गेली होती. पोटातच गेली की बाहेर येऊन, ते मला कधी नीट कळलं नाही. तुझी छाती भरलेली आणि माझं तोंड रिकामं. अप्पांनी मला कांबळ्यात गुंडाळून तुझ्या दारात आणलं तेव्हा तू काय म्हणालीस, हे विचारायला मला फार वर्षं लागली आणि तोवर सांगणारं कुणी उरलं नव्हतं. एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की त्या दिवसापासून तू कुरणातून डोक्यावर गवताचा एक भारा आणलास तर अप्पा दुसरीकडे बघायचे.

लोक आता डोंगरावरच्या गावाचं बोलायला लागले की हवा किती छान, असं म्हणतात. माझा नातू परवा तसंच म्हणाला. मला हवा आठवत नाही, पाणी आठवतं. माळ सगळा तांबड्या दगडाचा, विहीर लागत नाही, आणि खाली उतारावर तो एक झरा. उन्हाळ्यात तोही आटून खडकातल्या वाटीएवढा राहायचा. बायका रांगेनं बसायच्या, करवंटीनं पाणी काढायच्या, वाटी पुन्हा भरायची वाट बघायच्या. एकदा मी पाय धुवायला तांब्याभर पाणी ओतलं. तू मला मारलं नाहीस. हाताला धरून झऱ्यावर नेलंस, करवंटी दिलीस आणि म्हणालीस, "भर." मी बसले. खडकातून थेंब येतोय, थांबतोय, पुन्हा येतोय. डोक्यावर ऊन. तांब्या भरेपर्यंत तू शेजारी बसून होतीस. घरी येताना मात्र तांब्या तूच घेतलास, मी सांडीन म्हणून. तेव्हापासून नळ थेंब थेंब गळत असला की मला घरात बसवत नाही. सून प्लंबरला फोन करून करून वैतागली आहे.

खायचं काय होतं? ज्वारी असली तर भाकरी, नसली तर तरोट्याचा पाला उकडून, त्यात मीठ. मीठसुद्धा नसलं तर तू पाला जिभेवर लवकर लवकर ढकलायला शिकवायचीस, चव लागायच्या आत. जंगल खात्याचा साहेब दौऱ्यावर येणार असला की तांड्यावर कुणाचं तोंड धड दिसायचं नाही. तंबू तुम्ही वाहायचा, लाकडं तुम्ही फोडायची, कोंबड्या तुमच्या. सगळी वेठ. आणि साहेबाच्या घोड्याला आधी पाणी. झऱ्यावर रांग बसलेली असायची आणि घोडा त्या वाटीत तोंड घालून प्यायचा. ती रांग थोपवून धरायला माझे अप्पा उभे असायचे. मी तुझ्या कडेवर. तुझा दंडापर्यंतचा हाडाचा चुडा माझ्या मांडीला रुतायचा. मला तेव्हा दोन्ही माणसं माझीच वाटायची, थोपवणारा आणि थोपवलेली. पोरं मरायची. कशानं, ते कुणी विचारायचं नाही. बाभळीखाली एक दगड वाढायचा आणि दुसऱ्या दिवशी आई पुन्हा झऱ्यावर दिसायची.

आनंद म्हणावा असा एक होता, तोही रडण्याचा. तांड्यावर लग्न असलं की नवरी रडायची. नुसती डोळे पुसत नाही, सुरात रडायची, ढावलो म्हणायची. एकेका माणसाच्या गळ्यात पडून त्याचं काय काय आठवतं ते गायची. शेवटी तिला बैलाच्या पाठीवर उभी करायचे, बापानं दिलेल्या बैलाच्या, आणि ती दोन्ही हात वर करून आख्ख्या तांड्याचा निरोप घ्यायची. खाली आई उभी, ती उत्तर द्यायची. तू मला हे सगळं शिकवलंस. दुपारी तुझा तांबडा बैल सावलीत रवंथ करत बसला की मला त्याच्या पाठीवर चढवायचीस. "हात वर. आणखी वर. तांडा मोठा हाय आपला, सगळ्यास्नी दिसला पायजे." पहिली ओळ सोपी होती: आईला हाक मारायची आणि सांगायचं की मी निघाले. मी म्हणायचे, बैल कान हलवायचा, तू हसायचीस. मग मी विचारायचे, आता तुझं म्हण, आईचं. तू म्हणायचीस, "ते आज न्हाई. ते त्याच दिशी." बैलाची पाठ गरम असायची. पायाच्या तळव्यांना ती अजून आठवते.

सहाव्या वर्षी मला माळावरून खाली चिंताकीला आणलं तेव्हा पहिल्यांदा आत्यानं मला दगडावर बसवून घासलं. मी तुझ्या नावानं ओरडत होते, म्हणजे त्या शब्दानं. आत्या म्हणाली, "आत्या मन. मन आत्या." दर वेळी तो शब्द आला की पाठीत एक धपाटा. बाई वाईट नव्हती. मला घास भरवायची, उवा काढायची, माझ्या आजारपणात रात्रभर बसायची. पण तिला वाटे की लमाणांचं दूध अंगात आहे ते घासूनच निघेल. आणि मी रडून रडून हट्टाला पेटले की ती ते एक वाक्य म्हणायची, थकून, आवाज न चढवता. "कामून रडायलीस तिच्यासाठी? तिनं काय फुकट पाजलं व्हय? गवतासाठी पाजलं." ते वाक्य माझ्या अंगात काट्यासारखं बसलं. पुढं रडणं आपोआप बंद झालं. गवताचा भारा मी डोळ्यांनी पाहिला होता, अप्पा दुसरीकडे बघताना पाहिले होते. खोटं तरी कसं म्हणायचं? भांडी घासताना, दळताना मी तेच घोळवत बसायचे. गवत नसतं तर तिनं मला घेतलं असतं का? तुझी खूप आठवण यायची आणि तुझा खूप राग यायचा, आणि दोन्ही एकाच जागी दुखायचं.

तेराव्या वर्षी माझं लग्न लागलं. स्थळ उदगीरकडचं, वकिलाच्या हाताखाली कारकुनी करणारं घर, आम्हाला आभाळ ठेंगणं. तुला निरोप कुणी दिला हे मला आजही माहीत नाही; अप्पांनी नक्की नाही. पाठवणीची वेळ. ओटी भरून झाली होती, गाडी जुंपलेली, सासरची माणसं निघायची घाई करत होती. आणि वेशीकडून तू आलीस. अंगात आरशांची कांचळी, तोच चुडा, आणि हातात कासरा. कासऱ्याला तांबडा बैल. त्याच्या शिंगांना गेरू लावला होता आणि पाठीवर तू शिवलेली झूल होती, कवड्या लावलेली. कुणाकडे न बघता तू थेट माझ्याकडे आलीस, गळ्यात हात टाकलेस आणि तुझा भाग सुरू केलास. आईचा. जो 'त्याच दिशी' म्हणायचा होता तो.

मी तो तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला. तू झऱ्याचं गायलीस, तांब्याचं गायलीस, माझ्या केसांतल्या उवांचंसुद्धा गायलीस. आवाज चढत गेला. आमच्याकडेही बायका रडतात, पण पदराआड, नाक ओढत. असं गळा काढून रडणं आमच्याकडे कुणी गेलं तरच होतं. मांडवात धावपळ उडाली. सासरकडच्या एका बाईनं मटकन खाली बसून डोक्यावरून पदर ओढून घेतला. कुणी तरी तोंडातलं पान थुंकून टाकलं. "काय झालं? कोण गेलं?" असं सासरे विचारायला लागले. मागून कुणी म्हणालं, "सुतक लागलं तर पोरीला न्यायचं कसं?"

तू थांबलीस. गोंधळून सगळ्यांकडे बघितलंस. "कोणी न्हाई गेलं," तू म्हणालीस. "पोरगी जायलीय. मनून रडायले."

आत्या पुढं झाली. "शुभकार्यात असं बोंबलत्यात व्हय? सर तिकडं."

"बोंबलायले न्हाई, अक्का. हे द्यावं लागतंय पोरीला. आन् ह्यो बैल. येकडाव हिला ह्याच्यावर हुबी करा, मंग जाते मी."

नवरीला बैलावर उभी करा म्हटल्यावर वऱ्हाडातली पोरं फिदीफिदी हसली. सासरे हसले नाहीत. ते अप्पांकडे वळले आणि सावकाश म्हणाले, "नाकेदारसाहेब, ही तुमची कोण?"

अप्पा डोक्याला रुमाल बांधत होते. बांधलेला सोडून त्यांनी पुन्हा बांधायला घेतला. मग म्हणाले, "वरच्या तांड्यावरली बाई हाय. बैल बाजारला न्यायलीय. मांडव दिसला, आली आत."

तू त्यांच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. तुला मराठी आमच्याइतकीच कळायची. त्या एका क्षणात तुला काय काय कळलं असेल, याचा मी जन्मभर विचार केलाय. माझ्या गळ्यातले हात तू काढून घेतलेस. "व्हय," तू म्हणालीस. "बाजारला न्यायले. ठाणाकुशनूरला."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. इतका की सासरच्या एका काकांना बैलात रस वाटायला लागला. त्यांनी बैलाचा ओठ वर करून दात बघितले, पाठीवर थाप मारली, झूल उचलून खालची कातडी बघितली. तू कासरा धरून उभी. "चांगला हाय की. आम्हालाच देऊन टाक," ते म्हणाले. तू म्हणालीस, "न्हाई वो. ह्यो दिलेला हाय." आणि बैलाला वळवलंस. जाताना झूल सरळ केलीस.

मला रडायला येत होतं, पण ते सुरात येत होतं, तू शिकवलेल्या सुरात, आणि आत्यानं माझा दंड असा धरला होता की बोटं उमटली. मी ओठ दाबून गाडीत चढले.

ओढ्यापर्यंत दोघींची वाट एकच होती. आमची गाडी उघडी, बैल तरणे, आम्ही तुला गाठलं. तू वाटेच्या कडेला सरकून उभी राहिलीस, बैलाच्या मानेवर हात ठेवून. गाडी पुढं गेली. धूळ उठली. आणि मी उभी राहिले, गाडीत, शालूसकट, आणि दोन्ही हात वर केले. आणखी वर. नणंदेनं मला निऱ्यांना धरून खाली ओढलं, "पडशील की गं, येडी का काय?" मी बसले तेव्हा मागं नुसती धूळ होती. तुला दिसलं का? हे एवढंच विचारायला हा सगळा पसारा मांडलाय, बघ.

पुढचं मला फार उशिरा कळलं. अप्पा थकून माझ्याकडे राहायला आले होते. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुरणाच्या पोळीचा घास मोडता मोडता एकदम म्हणाले, "ती वरली बाई गेली बरं का. रझाकाराच्या दिवसांतच गेली म्हणं." तांडा तेव्हा उठला होता. धान्य लुटून नेलं, माणसं रानोमाळ झाली. तू मागं राहिलीस, तापात होतीस. परत आलेल्यांना झऱ्यावर सापडलीस, बसलेली, करवंटी हातात. ते सांगून अप्पांनी तूप मागितलं. मी तूप वाढलं. मग विचारलं, "अप्पा, मी आंघोळ करू का?" ते वर बघून म्हणाले, "तुला कशाचं सुतक?" दुपारी मी न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, तांब्यामागून तांब्या. सासूबाईंना सांगितलं, उकडायलंय. एवढं पाणी सांडलेलं तू बघितलं असतंस तर मला पुन्हा झऱ्यावर बसवलं असतंस.

बैलाचं अप्पांनी शेवटच्या आजारात सांगितलं. मी विचारलं नव्हतं. लेकीच्या नावानं बाहेर काढलेला बैल परत औताला जुंपायचा नाही, ही तुमच्यातली रीत. तू त्याला बाजारात विकला नाहीस, दावणीला बांधला नाहीस, नांगराला लावला नाहीस. दिराच्या बैलाच्या जोडीला तोच तुझा एक बैल होता. तो औतातून सुटल्यावर तुझं रान पडीक राहिलं. हातानं खणून तू मूठभर पेरायचीस आणि तांडा तुला खुळी म्हणायचा. बैल मोकळा फिरायचा, कुरणात जायचा, भर दिवसा चरायचा. "त्याला मी येकडाव बी कोंडवाड्यात घातला न्हाई," अप्पा म्हणाले. "साहेब बरोबर असताना बी न्हाई. विचारलं तर सांगायचो, माझाच हाय." मला त्यांच्यावर माया करावी की त्यांच्या तोंडावर उशी फेकावी, कळेना. मांडवात तेच दोन शब्द म्हणाले असते तर? बैलाबद्दल नाही. तुझ्याबद्दल.

पण त्या दिवशी आत्याचा तो काटा माझ्या अंगातून निघाला. गवताच्या एका भाऱ्यासाठी मूल पाजणारी बाई आपला एकुलता बैल उन्हातून चालवत आणत नाही, आणि मग रिकाम्या रानात हातानं माती उकरत बसत नाही. आत्या तोवर गेली होती. नसती गेली तर मी तिला उठवून सांगितलं असतं, मग तिनं काहीही म्हटलं असतं तरी.

लोकांना मी कायम सांगत आले, माझी आई मी तान्ही असतानाच गेली. खोटं नाही ते. पण दुसऱ्यांदा गेली तेव्हा मी दोन लेकरांची आई होते, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला मुलगेच झाले. आईचा भाग म्हणायची वेळ माझ्यावर आली नाही, आणि लेकीचा माझ्याकडे तसाच पडून राहिला. हल्ली सून बाजारात गेली की मी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर उभी राहते आणि हात वर करते. परवा तिनं लवकर येऊन पकडलंच. "अहो सासूबाई, काय करायलाव तिथं? पडला म्हंजे?" मी म्हटलं, दोरीवरचं उतरवायलेय. दोरीवर काही नव्हतं. तिनं हात धरून मला खाली घेतलं आणि चहा टाकला.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. त्या दिवशी गाडीत मी हात वर केले, पण आवाज काढला नव्हता. ओठसुद्धा हलवले नव्हते. दगडावर उभी राहते तेव्हाही निघत नाही. तुझ्या त्या एका शब्दाशी येऊन अडतं, आणि तो शब्द या घरात कुणी कधी ऐकलेला नाही. आता सून बाहेर गेलीय. दार लोटून घेतलंय. म्हणून बघते.

याडी, मी निघाले.